सहीचं पान

सहीराव गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. 'युद्धकाळात मंत्र्यांच्या नावाने हजारो बनावट सह्या करणारा कारकून दीर्घ आजाराने मरण पावला.' आजार दीर्घ नव्हता, नऊ दिवसांचा होता. आणि सह्या बनावट नव्हत्या. बनावट म्हणजे चोरून केलेली. त्याने केल्या त्या भर दिवसा, सरकारी खुर्चीत बसून, सरकारी शाईने, वरून आलेल्या हुकमाने केल्या. मी समोरच्या टेबलावर बसून त्या पत्रांवर तारखा घातल्या आणि पाकिटं चिकटवली. तो बनावट, तर मीही बनावट, आणि आमचा अख्खा मजला बनावट. पेपरवाल्यांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून म्हटलं आता आपणच सांगून टाकावं. माझंही वय झालंय.

मी जावक विभागात होते. मंत्र्यांच्या कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या वहीतून जायचा. आमची खोली म्हणजे मागच्या जिन्यालगत एक लांबट पट्टी. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीचे पाइप. उन्हाळ्यात डिंकाचा वास डोक्यात जायचा. तिथे पाकिटांवर पत्ते लिहायला म्हणून हा आला. काटकुळा, शर्टाच्या खिशात टीपकागदाची घडी, बोलणं कमी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं आणि तो मला शेवटपर्यंत बाई म्हणत राहिला.

साहेब तेव्हा नवे मंत्री झाले होते. अभिनंदनाची, आभाराची, शिफारशीची पत्रं रोज दोन-अडीचशे. आठवडाभरात त्यांचा खांदा धरला. त्यांचा पीए आमच्या खोलीत येऊन विचारू लागला, कुणाचा हात चांगला आहे. मी मेली आगाऊ, मीच याच्याकडे बोट दाखवलं. याने तिसऱ्या प्रयत्नात सही उतरवली. साहेबांनी कागद उजेडात धरून बघितला, हसले आणि म्हणाले, माझ्यापेक्षा बरी आहे, आता हाच करेल. खरंच बरी होती. साहेबांची मूळची सही म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखी. याने तिला वळण लावलं, शेवटचं अक्षर मोकळं केलं, खाली एक ऐटबाज रेघ दिली. वर्षाच्या सुरुवातीला नमुना सहीचा एक कागद वर पाठवायचा असतो, खात्यात कुणाला शंका आली तर ताडून बघायला. पहिल्या वर्षी साहेब दौऱ्यावर होते, म्हणून तोही यानेच केला. पुढे दरवर्षी तोच करायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सहीराव हे नाव मीच पाडलं, आणि महिन्याभरात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

त्या रेघेची एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सहीराव जन्माचा डावखुरा. आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा त्याला वाढवलं ते आठ वर्षांनी मोठ्या बहिणीने. ताईने त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या मारमारून त्याला उजव्या हाताने लिहायला शिकवलं. सगळं सुधारलं, एक राहिलं. शब्दाखाली रेघ ओढायची झाली की तो उजवीकडून डावीकडे ओढायचा. त्यामुळे रेघेच्या उजव्या टोकाला शाईचा एक बारीक ठिपका बसायचा आणि डावीकडे ती विरत जायची. आपण सगळे ओढतो त्याच्या बरोबर उलट. शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या ते लक्षातही येणार नाही.

ताईच्या लक्षात यायचं. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे सहीरावचा भाचा, सातवीत गणितात आपटला. वडिलांची सही हवी होती, आणि वडील बाहेरगावी नोकरीला. पोरगं मामाकडे आलं. मामाने पाघळून प्रगतिपुस्तकावर मेव्हण्यांची सही ठोकून दिली. ताईने ते उघडलं, रेघेकडे एकदा बघितलं आणि दोघांचे कान धरून दोघांना अंगणात उभं केलं, मामाला बत्तिसाव्या वर्षी. ही हकिकत सहीराव आम्हाला डब्याच्या वेळी इतक्यांदा सांगायचा की शेवटची ओळ आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. भाचाही कधीमधी ऑफिसात यायचा, शीळ घालत जिना चढायचा. आमचा शिपाई म्हणायचा, आला बघा मामाचा गुन्हेगार साथीदार.

मेव्हणे पुढे छातीच्या दुखण्याने गेले. भाचा सैन्यात ट्रकचालक झाला. पोराला लढाईची हौस नव्हती, ट्रकची होती.

आता लढाईचं. ती आपली नव्हतीच मुळी. समुद्रापलीकडच्या एका देशात दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यात आपण एका गटाच्या बाजूने आठशे पोरं पाठवली. एक विमानतळ राखायचा, तीन महिन्यांत परत यायचं, असं ठरलं होतं. तीन महिन्यांचं वर्ष झालं. विमानतळावरून पोरं एका दरीत गेली, आणि दरीतून मागे यायला रस्ता उरला नाही. चौकात भांडणं व्हायची, घरात भांडणं व्हायची, माझ्या नवऱ्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. साहेब मात्र दर आठवड्याला भाषण ठोकायचे. इथून माघार घेतली तर जग आपल्याला हसेल म्हणायचे. ती भाषणं छापून आमच्याच खोलीतून गावोगाव जायची. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा परदेशात शिकत होता, हेही जाता जाता सांगते. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर शूर व्हायला काय जातं?

गुरुवार होता. जेवणानंतर पीएने नेहमीसारखा फाईलींचा ट्रे आणून ठेवला. पूर्वी त्या ट्रेमध्ये फक्त पत्रं असायची. हळूहळू रजेचे अर्ज आले, मग खरेदीचे कागद, आणि त्या सुमारास तर साहेब स्वतः कशावरच सही करेनासे झाले होते. सहीराव कधी काही वाचायचा नाही. फाईल डाव्या हातात घ्यायची, अंगठ्याने थेट शेवटचं पान उघडायचं, सही करायची, टीपकागद दाबायचा, पुढची. पण त्या दिवशी एका फाईलीच्या वरच्याच पानावर त्याला भाच्याच्या पलटणीचा आकडा दिसला.

त्याने ती वाचली, तीन पानं. मग उठून माझ्या टेबलावर ठेवली, मीही वाचली. सैन्याच्याच एका अधिकाऱ्याने लिहिलेलं टिपण होतं, आणि भल्या माणसाने आडपडदा ठेवला नव्हता. ही दरी राखता येणार नाही. आहेत ती पोरं वेढली गेली आहेत. आणखी पाठवली तर मेलेल्यांचा आकडा वाढेल, दुसरं काही होणार नाही. आहेत त्यांना परत आणा. त्याखाली लिहिलं होतं, एवढं करूनही पाठवायचीच असतील तर या या पलटणी तयार आहेत. शेवटच्या पानावर फक्त 'इशारा वाचला, पलटणी पाठवण्यास मंजुरी' असा शिक्का आणि सहीसाठी जागा.

सहीराव म्हणाला, "बाई, ही मी करणार नाही. ही साहेबांनी वाचलीच पाहिजे."

अकरा वर्षांत तो पहिल्यांदा सही न करता उठला होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याची कॉलर नीट करून दिली. तो आत गेला. पाच मिनिटांत परत आला, फाईल हातात. मी विचारलं, वाचली का? तो खुर्चीत बसला आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू सांगितलं. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवून पुढे ठेव म्हणून खुणावलं. याने फाईल पुढे ठेवली आणि, अकरा वर्षांची सवय, अंगठ्याने सहीचंच पान उघडलं. एवढंच नाही, सहीच्या जागेवर बोटही ठेवलं. साहेबांनी फोन कानाला ठेवूनच सही मारली. सहीकडे बघून हसले. फोनवर हात ठेवून म्हणाले, "बघ, आता तुझ्यासारखी येत नाही मला." याला म्हणायचं होतं, साहेब, आधीची पानं वाचा. पण जीभ उचलली नाही.

मी म्हटलं, जा परत, आत्ता जा. तो उठला, दारापर्यंत गेला. तेवढ्यात पीए आला, फाईल घेतली, म्हणाला किती वेळ लावता रे, आणि माझ्या टेबलावर टाकली. मी वहीत नोंद केली आणि ती रवाना केली. हो, मीच केली. माझ्या हाताने नोंद आहे. मीही दारात आडवी पडले नाही.

पंधरा दिवसांत भाच्याची पलटण गेली. त्याने बंदरावरून मामाला पोस्टकार्ड टाकलं होतं, ट्रक नवाकोरा मिळालाय म्हणून.

मग सांत्वनाची पत्रं सुरू झाली. मजकूर एकच, छापील. 'आपल्या वीरपुत्राच्या बलिदानापुढे हा देश नतमस्तक आहे', खाली सही. नाव तेवढं हाताने घालायचं. पहिल्यांदा आठवड्याला पाच, मग वीस, मग चाळीस. यादी वरून यायची, सहीराव नावं घालायचा, सह्या करायचा, मी पाकिटं करायची. एका मंगळवारी तो नावं लिहिता लिहिता थांबला. मी मान वर केली. त्याने यादी माझ्याकडे सरकवली आणि सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. पलटणीचा आकडा, चालक, आणि भाच्याचं नाव. घरी तार पोचली होती की नाही कोण जाणे. त्याला मात्र ते असं कळलं, ऑफिसात, यादीत.

मी म्हटलं, हे एक पत्र मला दे, मी साहेबांकडे नेते, हे तरी ते स्वतः करतील, नाही केलं तर मी बघते. तो नाही म्हणाला. म्हणाला, "त्यांना जमणार नाही, बाई. ताईला चांगली सही मिळू दे."

आणि त्याने ती केली. नेहमीपेक्षा सावकाश. टीपकागद दाबला, मग अठ्ठाविसावं घेतलं. संध्याकाळी जिन्यावर बसून रडला तेव्हा मीच होते शेजारी.

ताईने ते पत्र काचेत घालून भिंतीवर लावलं. येणाराजाणारा बघायचा. शेजारणी म्हणायच्या, एवढ्या मोठ्या माणसाने तुझ्या पोरासाठी स्वतः सही केली. ताई नुसती हो म्हणायची. सहीराव दर रविवारी बहिणीकडे जायचा आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. मला म्हणायचा, तिच्याकडे आता तेवढंच उरलंय, ते माझ्या तोंडून जाता कामा नये.

तीन वर्षांनी उरलेली पोरं परत आणली. सरकार पडलं. मेले किती त्याचे आकडे बाहेर आले तेव्हा लोकांनी विचारायला सुरुवात केली की हे माहीत कुणाला होतं. चौकशी समिती बसली. तिच्यापुढे ते तीन पानी टिपण आलं, शेवटच्या पानावर शिक्का आणि सही. म्हणजे साहेबांना इशारा मिळाला होता आणि तो वाचून त्यांनी आणखी पोरं पाठवली होती. सरळ गोष्ट. पण साहेबांना पुन्हा निवडणूक लढवायची होती. त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, हा कागद मी जन्मात पाहिलेला नाही, ही सही माझी नाही, ताडून बघा.

समितीने ताडून बघितलं. खात्यातून नमुना सह्या मागवल्या, टिपणाच्या तारखेपर्यंतच्या अकरा वर्षांच्या अकरा. सांत्वनाची पत्रं मागवली. हस्ताक्षरतज्ज्ञ भिंग घेऊन बसले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की या सगळ्या सह्या एका हाताच्या, आणि टिपणावरची तेवढी वेगळी, ओबडधोबड, कुणीतरी नक्कल करायला गेलेली. तज्ज्ञांचं काही चुकलं नव्हतं. त्या ढिगात साहेबांची खरी सही ती एकटीच होती, आणि म्हणून ती एकटीच खोटी ठरली. मग संशय आला तो टिपण लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावर. स्वतःची कातडी वाचवायला त्याने मागाहून सही ठोकली म्हणे. त्याला घरी बसवलं, खटल्याची तयारी सुरू झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सहीरावचं जेवण तुटलं. डबा उघडायचा, झाकायचा. हा उठून बोलला तर तो अधिकारी सुटत होता आणि साहेब अडकत होते. पण बोलायचं म्हणजे हे सांगायचं की त्या सगळ्या आयांना आलेली पत्रं एका कारकुनाने केली. त्यात ताईचंही पत्र. मी म्हटलं, तू आधी तिला सांग, पेपरातून कळायला नको. तो म्हणाला, तुम्ही चला, एकट्याचा माझा पाय उचलणार नाही.

रविवारी सकाळी गेलो. ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, एक पलंग, एक शिलाई मशीन, खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल. भिंतीवर घड्याळ, भाच्याचा गणवेशातला फोटो आणि मधे ते पत्र. ताईने चहा ठेवला. सहीराव इकडचं तिकडचं बोलू लागला, नळाचं, भाड्याचं, माझ्या गुडघ्याचं. चहा निवला तरी मुद्द्यावर येईना. शेवटी मीच त्याला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, ताई, त्या पत्राबद्दल बोलायचंय.

ताईने कप खाली ठेवला. म्हणाली, "सही तुझी आहे. आलं त्याच दिवशी बघितलं मी. रेघ उलटी आहे."

मग तिने आपणहून सांगितलं, तिला मंत्र्याची सही काय करायची होती? तिच्या पोराचं नाव लिहिताना कुणाचा तरी हात थरथरला होता, नावाच्या शेवटच्या अक्षरात ते दिसत होतं, म्हणून तिने ते काचेत घातलं. चार वर्षं हा माणूस भिंतीकडे पाठ करून बसत होता आणि ती चार वर्षं ते बघत होती. आमच्या घरांमधून हेच असतं, सगळ्यांना सगळं ठाऊक आणि बोलायचं कुणी नाही.

मला वाटलं सुटलो. मी उठायच्या बेतात होते. पण सहीराव थांबेना. त्याने ते दुसरंही सांगितलं. गुरुवारचं. फाईल वाचल्याचं, आत नेल्याचं, सहीचं पान उघडून दिल्याचं, बोट ठेवल्याचं. मी डोळ्यांनी खुणावत होते, नको, हे नको. त्याने सगळं सांगितलं.

ताईने त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. तिनेच घडवलेला हात. मग म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं तो कुठे जातोय. स्टेशनवर पोचवायला आलास तेव्हाही माहीत होतं."

तो हो म्हणाला.

ती उठली, स्टुलावर चढली, पत्र खिळ्यावरून काढलं, पदराने काच पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. समितीला दाखवायला लागेल ते, ने, म्हणाली. आणि काम झालं की परत आणून दे. तोवर येऊ नकोस.

समितीपुढे जाण्याआधी मी त्याला हात जोडून सांगितलं, सह्या तू केल्यास एवढं सांग, पान कुणी उघडलं ते कुणी विचारणार नाही. तो म्हणाला, अर्धं सांगायचं असतं तर ते साहेबही सांगतात की. हट्टी माणूस. तिथे त्याला कोरा कागद दिला. त्याने सगळ्यांसमोर साहेबांची सही केली, एकदा, दोनदा, दहादा. तज्ज्ञ उठून उभे राहिले. साहेब मंत्री व्हायच्या आधीचे त्यांच्या घरचे कागद मग मागवले, आणि त्यावरच्या सह्या टिपणावरच्या सहीशी जुळल्या. अधिकारी सुटला. बाहेर येऊन त्याने सहीरावचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी आम्हाला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चेहरा पाडलेला, आवाज खाली. म्हणाले, सही माझी असेल, विसर पडला, माणूस आहे. पण तुम्हीच ऐकलंत, फाईल माझ्यापुढे आली ती सहीच्या पानावर उघडून आली. रोज शंभर फाईली. ज्याच्यावर अकरा वर्षं विश्वास टाकला त्याने मागे इशारा आहे हे सांगितलंच नाही. त्याचा स्वतःचा भाचा जात होता तरी सांगितलं नाही. एवढं बोलून त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मी मागच्या बाकावर होते. माझ्या हातात तेव्हा काही असतं तर मी फेकून मारलं असतं. आणखी पोरं मरायला पाठवायच्या कागदावर फोन कानाला लावून सही करणारा तो, वर्षभर भाषणं ठोकणारा तो, आणि वाचायचं काम कुणाचं? कारकुनाचं!

अहवालात आलं ते असं. इशारा कार्यालयात पोचला होता, परंतु कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनामुळे मंत्र्यांच्या निदर्शनास आला नाही. जबाबदारी कोणा एका व्यक्तीवर निश्चित करता येत नाही. सहीरावला नोकरीवरून काढलं. साहेब उन्हाळ्यात पुन्हा निवडून आले.

पत्रं परत येऊ लागली. ज्या पत्रांना मी पाकिटं केली होती ती फाटून, चुरगळून, काही तर नुसते तुकडे, पुन्हा आमच्या इमारतीत. एका बाईने मागच्या बाजूला लिहिलं होतं, निदान शिपायाकडून तरी करून घेतली नाहीत, आभारी आहे. मी ती गठ्ठे बांधून कपाटात ठेवली. सहीरावला सांगितलं नाही.

समितीने कागद परत द्यायला आठ महिने लावले. ताईचं पत्र आलं तेव्हा सहीराव मला घेऊन तिच्याकडे गेला. आठ महिन्यांत तिने त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. दार उघडलं, आत घेतलं, बसा म्हणाली नाही. आम्ही उभेच. त्याने कागदात गुंडाळलेली ती काच तिच्या हातात दिली. तिने कागद काढला.

पत्रावर आडवा लाल शिक्का होता. 'बनावट.' शाई भाच्याच्या नावावरून गेली होती, नाव अर्धं त्याखाली.

काच काढून शिक्का मारला होता आणि काच नीट परत बसवली होती. सरकारी काम, त्यात हयगय नाही.

ताईने अंगठ्याने काच पुसली, जणू ती शाई वरून जाईल. मग विचारलं, "आणि त्या दुसऱ्या कागदावर? त्याच्या सहीवर काय शिक्का मारला?"

सहीराव म्हणाला, "अस्सल."

"आणि ज्याची अस्सल, त्याला काय झालं?"

"काही नाही, ताई."

तिने मान हलवली. पत्र भिंतीवर परत लावलं नाही, मशीनच्या खणात ठेवून खण बंद केला. मग स्टूल ओढून त्याच्यापुढे ठेवलं आणि बस म्हणाली. चहा टाकते म्हणाली. त्याला माफ केलं का, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. पुढची सहा वर्षं तो दर रविवारी जात होता आणि आता भिंतीकडे तोंड करून बसत होता, कारण तिथे फक्त फोटो होता. गेला तो तिच्याच पलंगावर. दवाखान्यातून त्याला घरी आणताना फॉर्मवर नातेवाइकाची सही लागली, ती ताईने केली. तिचे हात आता कापतात. मी कागद धरला होता, आणि आधी पहिल्या पानापासून सगळा तिला वाचून दाखवला.